ऑडिओग्रामवरची दुसरी रेघ

ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, प्रत्येक कानाच्या दोन रेघा असतात. गोल किंवा फुलीच्या खुणांची रेघ हेडफोन लावून काढलेली, म्हणजे हवेतून येणाऱ्या आवाजाची. कंसासारख्या खुणांची रेघ कानामागच्या हाडावर थरथरणारी छोटी ठोकळी ठेवून काढलेली. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांत पहिलीच रेघ वाचली जाते, ‘साठ डेसिबल गेलंय’ असं म्हटलं जातं आणि मशीनची चौकशी सुरू होते. हाडातून ऐकवणाऱ्या, कानामागच्या हाडात बसवायच्या इम्प्लांटचा निर्णय मात्र जवळजवळ सगळा दुसऱ्या रेघेवर अवलंबून असतो. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो, तिथून हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत आतल्या कॉक्लियात, म्हणजे ऐकण्याच्या द्रवभरल्या शंखात, पोचतो. ही वाट कुठेही अडली तरी कॉक्लिया धडधाकट असू शकतं. नळीच तयार झालेली नाही, पडद्याला मोठं भोक आहे, हाडं कुजलीत, रिकीब जागच्या जागी घट्ट बसलीय, अशा वेळी कवटीचं हाड थरथरवलं की कॉक्लियातला द्रव हलतो आणि ऐकू येतं. गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिलं की हवेतून दिलेला सूर योग्य प्रमाणात आणि उलट लयीत दिला तर हाडातून दिलेला सूर पुसून टाकता येतो. म्हणजे वाटा दोन, पण आत उमटणारी लाट एकच.

दोन रेघांमधल्या अंतराला एअर-बोन गॅप म्हणतात. वाट पूर्ण बंद असली तरी हे अंतर साधारण ६० डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण त्याहून मोठा आवाज कवटीला आपणहून थरथरवतो. गॅप ३० डेसिबलच्या वर गेला की कानात घालायच्या मशीनला दुहेरी ओझं पडतं. आधी अडलेली वाट भरून काढायची आणि वर आवाज वाढवायचा. हाडातून जाणाऱ्या यंत्राला अडथळ्याशी देणंघेणंच नसतं. त्याने भरून काढायचं ते फक्त दुसऱ्या रेघेने दाखवलेलं नुकसान.

त्यामुळे यंत्राची ताकदही दुसऱ्या रेघेवरूनच ठरते. ५००, १०००, २००० आणि ३००० किंवा ४००० हर्ट्‌झवरच्या हाडाच्या आकड्यांची सरासरी काढायची. ती ४५ डेसिबलपर्यंत असेल तर लहान प्रोसेसर (आवाज उचलणारं बाहेरचं यंत्र) आणि बोनब्रिज नावाचं इम्प्लांट चालतं. ५५ पर्यंत ओसिया किंवा बाहा या इम्प्लांटांचे जास्त ताकदीचे प्रोसेसर. ६५ पर्यंत सुपरपॉवर नावाने येणारे, तेही हाडातल्या स्क्रूला जोडलेल्या, कातडीबाहेर येणाऱ्या खुंटीवरच. त्याच्या पुढे रेघ गेली असेल तर हा रस्ता सोडून थेट कॉक्लियात बसवायच्या कॉक्लियर इम्प्लांटचं बोलायचं. नेमकं काठावर असणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांचाही विचार करावा. वयाबरोबर दुसरी रेघही खाली सरकते आणि आज जेमतेम पुरणारं यंत्र उद्या तोकडं पडतं.

रेघ वाचताना एक फसगत नेहमी होते. हाडातली थरथर एका बाजूने दिली तरी जवळजवळ तेवढीच दुसऱ्या बाजूलाही पोचते. त्यामुळे एका कानाचं कॉक्लिया पूर्ण गेलेलं असलं तरी दुसरा कान ‘ऐकलं’ म्हणून बटण दाबतो आणि रिपोर्टवर मेलेल्या कानाची रेघही छान येते. हे टाळायला चांगल्या कानात फसफस आवाज सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. मास्किंग केलेल्या खुणा चौकोनी कंसाच्या असतात, न केलेल्या टोकदार. रिपोर्टवर सगळ्याच खुणा टोकदार असतील आणि ऑपरेशनची तारीख ठरत असेल, तर आधी तपासणी परत करून घ्या. दोन्ही कानांच्या नळ्या बंद असतील तर मास्किंगही नीट होत नाही, कारण झाकायचा आवाज आत जायला वाटच नसते. तिथे हाडातून केलेली बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद डोक्यावर तारा लावून मोजणारी तपासणी, उपयोगी पडते.

आता हे कोणाला लागतं ते. आपल्याकडे सगळ्यात मोठा गट वर्षानुवर्षं कान वाहणाऱ्यांचा. दोनदा-तीनदा ऑपरेशन होऊन कानामागे पोकळी राहिलेली, मशीनचा कानात घालायचा साचा बसवला की कान परत वाहतो, साचा काढला की ऐकू येत नाही. कान मोकळा ठेवून ऐकवणारं यंत्र हाच तिथे मोठा फायदा. मात्र आत कोलेस्टिॲटोमा (हाड कुरतडणारी कातडीची गाठ) असेल तर आधी तो साफ झाला पाहिजे. आणि तो परत आलाय का हे पुढची काही वर्षं एमआरआयवर बघावं लागत असेल, तर कातडीखाली चुंबक असलेलं इम्प्लांट निवडण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. चुंबकाची काळी सावली चित्रात नेमकी त्याच बाजूला पडते. त्या माणसाला साधा टायटॅनियमचा स्क्रू आणि खुंटी जास्त सोयीची.

दुसरा गट जन्मतः कानाची नळी नसलेल्या, पाळी (बाहेरचा दिसणारा कान) अर्धवट असलेल्या मुलांचा. (ग्रहणात आईने काहीतरी कापलं म्हणून असं झालं, हे अजूनही घराघरांत ऐकवलं जातं. ग्रहणाचा आणि कानाचा काहीही संबंध नाही. आईला त्या बोलण्यातून सोडवा, तिला पुढे पुष्कळ काम आहे.) या बाळांची ओएई चाचणी, म्हणजे कॉक्लियातून परत येणारा बारीक आवाज टिपण्याची तपासणी, नापास होणारच, कारण ती बंद नळीतून होते. त्यावरून कॉक्लियाबद्दल काहीच कळत नाही. हाडातून बेरा करायची, आणि पहिल्या ३ महिन्यांत निदान, ६ महिन्यांच्या आत ऐकू येण्याची सोय, हे वेळापत्रक पाळायचं. स्क्रू बसवायला हाड निदान ३ मिलिमीटर जाड लागतं. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने म्हणूनच ५ वर्षांखाली परवानगी दिलेली नाही. पण ५ वर्षं वाट बघायची नाही. तोपर्यंत तोच प्रोसेसर कपड्याच्या पट्टीवर लावून डोक्याला बांधतात. त्याला सॉफ्टबँड म्हणतात.

दोन्ही नळ्या बंद असलेल्या बाळाला हा बँड हवाच, यात दुमत नाही. एकच कान बंद असेल तर मतं वेगवेगळी आहेत. काही मुलं बँड आनंदाने घालतात, काही रोज फेकून देतात, आणि एका चांगल्या कानावर बोलणं बहुधा वेळेवर येतं. अशा मुलाला बँड देऊन बघावा, शाळेत चांगला कान शिक्षकांकडे राहील असं बसवावं, आणि चांगल्या कानाची नीट काळजी घ्यावी. सर्दीत पडद्यामागे पाणी साचलं तरी त्या मुलाचं सगळंच ऐकणं मंदावतं. ऑपरेशनची घाई मात्र नको.

बँड बांधण्यात बारकावे आहेत. बँडवरची चकती हाडावर सपाट टेकली पाहिजे, तिरकी टेकली की आवाज कमी होतो. मधले केस फारसे आड येत नाहीत. पट्टीखाली एक बोट सहज जाईल इतकी ती घट्ट. त्याहून सैल असेल तर वरचे सूर हरवतात, घट्ट असेल तर संध्याकाळी लाल वळ दिसतो. चकतीची जागा दिवसातून दोनदा बदलायची: उजव्या कानामागे, डाव्या कानामागे, कधी कपाळावर. थरथर सगळीकडून पोचतेच. बाळाला कुंची घातली की यंत्र शिटी मारतं, कारण कापड मायक्रोफोनला घासतं आणि बाहेर पडलेला आवाज परत आत जातो. तेल लावणं, अंघोळ, धुरी हे सगळं यंत्र काढून. पावडरचा डबा तर यंत्राच्या खोलीतसुद्धा नको, मायक्रोफोनची भोकं त्यानेच बुजतात. अंगावर अडकवायची दोरी पहिल्या दिवसापासून लावा. कातडीला चिकटवायचं ॲडहिअर नावाचं साधनही आहे. त्याची चिकटपट्टी ३ ते ७ दिवस टिकते आणि दुसरी रेघ २५ डेसिबलच्या आत असेल तरच ते पुरतं. घामाच्या दिवसांत पट्टी लवकर सुटते.

खर्च झेपत नसेल तर खिशातलं जुन्या पद्धतीचं मशीन आणि त्याला हाडावर ठेवायचा व्हायब्रेटर जोडून हेअरबँडवर बसवतात. दिसायला ओबडधोबड, पण वर्षभर रिकामं बसण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत मुलांच्या तपासण्या होतात. शासकीय मदतीबद्दल एक अडचण आधीच माहीत असू द्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यात श्रवणदोष धरला जातो तो दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे. एकच कान बंद असलेलं मूल त्या व्याख्येत बसत नाही, आणि दोन्ही नळ्या बंद असलेलं मूल नेमकं काठावर येतं. प्रमाणपत्राच्या तपासणीला हवेच्या रेघेचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा.

तिसरा गट एका बाजूने पूर्ण बहिऱ्या झालेल्यांचा: गालगुंड, अचानक गेलेला कान, मज्जातंतूवरची गाठ काढताना गेलेला कान. इथे यंत्र मेलेल्या बाजूचा आवाज उचलून हाडातून चांगल्या कॉक्लियाकडे पाठवतं. त्यासाठी चांगला कान खरोखर चांगला हवा, हवेची सरासरी २० डेसिबलच्या आत. यातून आवाज कुठून आला हे मात्र कळू लागत नाही, कारण ऐकणारं कॉक्लिया एकच राहतं. गाडीत मेलेल्या बाजूला बसलेल्या माणसाचं बोलणं कळतं, हा खरा लाभ. पण गोंगाट मेलेल्या बाजूला असेल तर यंत्र तोच गोंगाट चांगल्या कानात नेऊन ओततं. या गटात नाराजी सगळ्यात जास्त, म्हणून चाचणीही इथेच सगळ्यात कडक हवी.

चाचणी म्हणजे बँडवर प्रोसेसर लावून निदान दोन आठवडे घरी वापरणं. दवाखान्याच्या शांत खोलीत दहा मिनिटं लावून ‘वा, छान’ म्हणण्याला अर्थ नाही. स्वयंपाकघरात कुकर चालू असताना, लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षात, फोनवर वापरून बघा आणि रोज दोन ओळी लिहा. एक हिशेब ध्यानात ठेवायचा. बँड कातडीवरून थरथरवतो आणि कातडी वरच्या सुरांत १० ते १५ डेसिबल किंवा जास्तही खाते. ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक बँडवर कधी कळतो, कधी नाही. खुंटीवर तेच यंत्र जास्त स्वच्छ वाजतं. म्हणून बँडवर पटलं तर पुढे बरंच होईल. बँडवर काहीच पटलं नाही, विशेषतः तिसऱ्या गटातल्या माणसाला, तर ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रं तीन तऱ्हांची. पहिली खुंटीची. टायटॅनियम हाडात मुरतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्कने १९५०च्या दशकात सशांच्या हाडात पाहिलं, आधी दातांसाठी वापरलं, आणि १९७७मध्ये गोथेनबर्गला आंदेर्स शेलस्ट्रम या कानाच्या डॉक्टरांनी पहिल्या रुग्णांच्या कानामागे स्क्रू बसवले. थरथरणारं यंत्र बू होकान्सन या अभियंत्याच्या चमूने घडवलं. बाहा आणि पाँटो ही त्याचीच वंशावळ. दुसरी तऱ्हा कातडीखाली नुसतं चुंबक आणि बाहेर थरथरणारा प्रोसेसर. यात कातडी मध्ये येतेच, म्हणून आवाज बँडच्या जवळपास. तिसरी, थरथरणारा भागच कातडीखाली, बाहेर फक्त मायक्रोफोन आणि चुंबक. बोनब्रिज आणि ओसिया या तऱ्हेतले. कातडी सलग राहते, आवाजही कमी होत नाही, पण आतलं यंत्र बिघडलं तर परत ऑपरेशन. बोनब्रिजच्या जुन्या मॉडेलला हाडात ८.७ मिलिमीटर खोल खळगा लागायचा, नव्या बीसीआय ६०२ला ४.५ पुरतो. आधीच पोकळी कोरलेल्या कानामागे ही तफावत निर्णायक ठरते, म्हणून सीटी स्कॅन करून जागा आधी मोजतात.

खुंटीच्या ऑपरेशनला मोठ्या माणसाला फक्त जागा बधिर करून अर्धा-पाऊण तास लागतो. मुलांना पूर्ण भूल. जागा कानाच्या छिद्रापासून मागे-वर ५० ते ५५ मिलिमीटर. पाळीला, चष्म्याच्या दांडीला प्रोसेसर टेकता कामा नये, म्हणून नकली प्रोसेसर ठेवून खूण करतात. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी सुईने कातडीची जाडी मोजायची, नंतर मोजली तर औषधाने ती फुगलेली असते आणि खुंटी नको तेवढी लांब निवडली जाते. खुंट्या ६ ते १४ मिलिमीटरच्या मिळतात. कातडीच्या वर साधारण ३ मिलिमीटर उरली की पुरे.

ड्रिलने आधी ३ मिलिमीटर खोल जायचं, तळ चाचपून हाड लागतंय ना पाहायचं, लागलं तर ४ पर्यंत. हाड संपून मेंदूचं आवरण किंवा रक्तवाहिनी लागली तर थांबून जागा थोडी बदलायची. सतत थंड सलाइन सोडणं हा यातला न दिसणारा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर लागली तरी हाडाच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू मुरत नाही. तो महिन्याभराने न दुखता हातात येतो. स्क्रू मग हळू गतीने, ठरावीक टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) बसवतात, घट्ट हाडात ४० न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास. मुलांचं हाड मऊ, तिथे कमी. काही सर्जन मुलांत शेजारी एक जादा स्क्रू पेरून ठेवतात, पहिला पडला-झडला तर वेळ जाऊ नये म्हणून. पाळी पुढे बरगडीच्या कूर्चेपासून घडवायची असेल तर प्लास्टिक सर्जनला विचारल्याशिवाय एकही चीर द्यायची नाही. त्या कातडीवर व्रण पडला की नवी पाळी बसवणं अवघड होतं. नागाटा पद्धतीत ती साधारण १० वर्षांच्या वयाला, छातीचा घेर ६० सेंटिमीटर झाल्यावर करतात, म्हणजे स्क्रू आधी आणि पाळी नंतर असा क्रम बहुधा येतो. जागा मग नेहमीपेक्षा मागे.

प्रोसेसर चढवायचा तो मोठ्यांना साधारण महिन्याभराने, मुलांना ३ ते ६ महिन्यांनी. मधल्या काळात प्लास्टिकची टोपी आणि मलमाची पट्टी आठवडाभर. नंतरची स्वच्छता रोजची, दात घासण्यासारखी: साबणाचं पाणी, मऊ ब्रश, खुंटीच्या भोवती गोल फिरवून साचलेला पापुद्रा काढायचा. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. खोबरेल तेल खुंटीच्या भोवती साचू द्यायचं नाही. जावळ किंवा मुंजीचं मुंडण असेल तर न्हाव्याला जागा आधी दाखवा, वस्तऱ्याने खुंटीच्या कडेची कातडी कापली की आठवडाभराचं दुखणं.

कातडी बिघडली की तिची प्रतवारी होल्गर्स मोजपट्टीवर ० ते ४ अशी करतात. १ म्हणजे नुसती लाली, स्वच्छता वाढवायची. २ म्हणजे लाल आणि ओलसर, मलम आणि काही दिवस प्रोसेसर बंद. ३ म्हणजे मांस वाढलेलं, ते सिल्व्हर नायट्रेटने जाळतात किंवा लांब खुंटी बसवतात. ४ आली की खुंटी काढावी लागते. कातडी खुंटीवर चढून येते तेव्हा प्रोसेसर ‘टक’ आवाज करून बसत नाही, ही घरी ओळखायची पहिली खूण.

खुंटी हलतेय असं वाटलं तर घाबरण्याआधी दोन शक्यता वेगळ्या करायच्या. खुंटी आणि स्क्रू जोडणारा छोटा बोल्ट सैल झाला असेल तर ओपीडीत पाच मिनिटांत आवळतात, पण खुंटीला उलट बाजूने धरूनच. नुसतं पिळलं तर हाडातला स्क्रूच फिरतो. बोल्ट घट्ट आहे, लाली नाही आणि तरी दुखतंय, तर हाडातली पकड गेल्याचा संशय घ्यायचा. धूम्रपान, बेताबाहेरचा मधुमेह, त्या जागी पूर्वी दिलेलं रेडिएशन यांत हा धोका वाढतो. मुलांत कारण बहुतेक वेळा पडणं किंवा चेंडू.

चुंबकाच्या तऱ्हेत त्रास वेगळा. चुंबकाची ताकद नंबरांनी येते. जास्त नंबर लावला की कातडी दुखते, लाल होते, दाबून ठेवली तर व्रण. कमी लावला की वाकलं तरी प्रोसेसर सुटतो. सुरुवात कमी नंबराने करावी आणि संध्याकाळी आरशात जागा बघावी. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर नंबर उतरवायचा.

प्रोसेसरच्या रोजच्या तक्रारी बहुतेक तीनच. शिटी वाजते: केस, टोपी, पदर किंवा पाळी टेकलीय. आवाज खरखरतो: ओल. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याशिवाय यंत्र टिकत नाही, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून परत कोरडं करायचं. आवाज मधेच जातो: सेल. लहान प्रोसेसरला ३१२ नंबरचा झिंक-एअर सेल लागतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच बसवायचा. प्रोसेसर काढताना सरळ ओढू नका, कडेला बोट घालून तिरका उचला. स्कूटरवर हेल्मेट घालताना तो खिशात ठेवावा. आतल्या गादीचा दाब थेट खुंटीवर येतो, आणि प्रोसेसरसाठी हेल्मेट सोडून देणं हा तर मूर्खपणा.

इम्प्लांटसोबत मिळणाऱ्या कार्डावर मॉडेलचं नाव आणि एमआरआय किती टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चालतो हे छापलेलं असतं. प्रोसेसर एमआरआयच्या खोलीबाहेर काढूनच जायचं, तो कधीच आत नेत नाहीत. कातडीखाली यंत्र असेल तर डोक्या-मानेच्या कोणत्याही ऑपरेशनआधी, दाताच्यासुद्धा, ते सांगायचं, कारण मोनोपोलर कॉटरी, म्हणजे अंगातून वीज जाऊ देऊन रक्त थांबवणारं साधन, तिथे चालत नाही. कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या.